चाकाच्या पोटातील गोळ्या

तुमच्या घरी मोटारसायकल आहे काय? नसली तर शेजारी किंवा काकांकडे नक्की असेल. मालकाची परवानगी घ्या आणि गाडी मेन स्टँडवर चढवायला सांगा. एका मोठ्या माणसाने मागच्या बाजूवर थोडा भार दिला की पुढचे चाक जमिनीवरून सुटते. दुसऱ्या कोणाला तरी हँडल घट्ट धरायला सांगा. आता चाकाच्या बाजूला बसा. एक हात टायरच्या वरच्या टोकाला आणि दुसरा खालच्या टोकाला. वरच्या हाताने टायर स्वतःकडे ओढा आणि त्याच वेळी खालच्या हाताने तो दूर ढकला. मग उलट करा. चाक निरोगी असेल तर काहीच घडणार नाही. पण हाताला 'टक् टक्' असा बारीक धक्का जाणवला, आणि काटा जागेवर राहून चाक तेवढे हलले, तर समजा की चाकाच्या पोटातले बेअरिंग झिजले आहे.

हा धक्का इतका स्पष्ट का जाणवतो? पुढच्या चाकाच्या मधल्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, दोन टोकांना दोन बेअरिंगे असतात. त्यांच्यातील अंतर ६ सेंटिमीटर आणि टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरा. ३० भागिले ६ म्हणजे ५. दोन्ही बेअरिंगांत मिळून ०.२ मिलिमीटर ढिलाई असेल तर टायरच्या कडेला ती पाचपट, म्हणजे १ मिलिमीटर होऊन दिसते. तुमचे हात तरफेच्या लांब बाहूवर आहेत! डॉक्टरांच्या यंत्राविना ही नाडीपरीक्षा करता येते ती यामुळेच.

आणखी एक परीक्षा कानाची. लांब पेचकसाचे टोक एक्सलच्या नटावर टेकवा, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा आणि दुसऱ्या कोणाला चाक सावकाश हाताने फिरवायला सांगा. (इंजिन चालू करून हे कधीही करू नये. फिरत्या आऱ्यांत बोट जायला क्षण पुरतो.) चांगले बेअरिंग मऊ 'सुर्र' करते. बिघडलेले खरखरते, वाळू मिसळलेले तीळ जात्यात भरडावेत तसे.

या लेखात आपण ते बेअरिंग घरी बदलणार आहोत. काम अवघड नाही; दोन पाने, एक हातोडी आणि एक दुपार पुरते. पण त्यात एक अशी चूक आहे की जी केल्यावर लगेच काहीच दिसत नाही. ती चूक मी स्वतः केली आहे, आणि त्या वेळी मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक होतो.

आधी बेअरिंग हातात घेऊन पाहू. परिभाषेत त्याला 'धारवा' म्हणतात, पण दुकानात जाऊन धारवा मागितलात तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे पाहत राहील, म्हणून आपण बेअरिंगच म्हणू. पोलादाची दोन कडी, एक मोठे, एक लहान. मोठ्याच्या आतल्या बाजूला आणि लहानाच्या बाहेरच्या बाजूला गोल खोबण कोरलेली असते. या दोन खोबणींच्या मध्ये पोलादी गोळ्या असतात, आणि त्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा पिंजरा. बैलगाडीच्या चाकात लोखंडी कण्यावर तुंबा सरळ घासत फिरतो. म्हणून गाडीवानाला वंगणाचे नळकांडे बरोबर बाळगावे लागे. बेअरिंगमध्ये घासण्याच्या जागी लोळणे येते. वेल्समधील फिलिप व्हॉन याने गाड्यांच्या आसासाठी अशा गोळ्यांची कल्पना १७९४ साली पेटंट केली होती. पण सगळ्या गोळ्या सारख्या आकाराच्या हव्यात ना! एक गोळी किंचित मोठी निघाली तर सगळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर. जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावच्या फ्रिड्रिख फिशर याने १८८३ साली गोळ्या घासून एकसारख्या करणारे यंत्र बनवले, तेव्हा कुठे हा माल ढिगाने तयार होऊ लागला.

बेअरिंगच्या कडेवर एक आकडा कोरलेला असतो. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकातील बेअरिंगांवर ६३०१ असा आहे. हा आकडा वाचायला शिका, मोठी मौज आहे. पहिला ६ म्हणजे खोल खोबणीचे, गोळ्यांची एक रांग असलेले बेअरिंग. त्यानंतरचा ३ म्हणजे मध्यम जाडीची मालिका. तिथे २ असता तर हलकी मालिका. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचा व्यास सांगतात: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे त्या अंकाला ५ ने गुणायचे. म्हणून ६२०४ चे भोक २० मिलिमीटरचे. आमच्या ६३०१ चे भोक १२, बाहेरचा व्यास ३७ आणि रुंदी १२ मिलिमीटर. जगात कोणत्याही देशात, कोणत्याही कारखान्यात ६३०१ बनवले तरी ही मापे हीच. आकड्यापुढे 'झेडझेड' असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे, 'टू-आर-एस' असेल तर रबराची. चाकासाठी रबराची बरी, पाणी अडवतात. नवे बेअरिंग आणताना जुन्यावरचा आकडा कागदावर उतरवून न्या. 'अमुक गाडीचे द्या' एवढ्यावर भागवू नका.

आता थोडे गणित. माझ्या घरापासून महाविद्यालय १८ किलोमीटर. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे १.८८ मीटर, म्हणजे एका खेपेत चाकाचे साडेनऊ हजार फेरे. गाडी ३०,००० किलोमीटर चालली की दीड कोटीहून अधिक फेरे होतात. आणि या प्रत्येक फेऱ्यात भार कोण उचलतो? गाडीचे वजन एक्सलवर, एक्सल आतल्या कड्यावर, ते खालच्या दोन-तीन गोळ्यांवर, त्या बाहेरच्या कड्यावर, ते हबवर, असा हा प्रवास. वरच्या गोळ्या त्या वेळी विश्रांती घेत असतात. पुढच्या चाकावर ८० किलोचा भार असेल तर एका बेअरिंगच्या वाट्याला ४० किलो. गोळ्या सात धरल्या तर तळाच्या गोळीवर किती? सातवा हिस्सा म्हणजे पावणेसहा किलो, असे उत्तर दिलेत तर चुकलात. भार सारखा वाटला जात नाही. तळाच्या गोळीवर सरासरीच्या जवळजवळ पाचपट येतो, म्हणजे २८ किलोच्या घरात.

ही गोळी खोबणीला टेकते किती जागेत? भूमितीची गोळी बिंदूतच टेकली असती. बिंदूचे क्षेत्रफळ शून्य, आणि बल भागिले शून्य म्हणजे दाब अनंत! खरे पोलाद अर्थातच किंचित चेपते आणि बिंदूचा एक इवलासा ठिपका होतो. हा ठिपका किती मोठा, हे गणिताने प्रथम सांगितले हाइनरिख हर्ट्झ याने, १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. होय, ज्याच्या नावाने आपण वारंवारता मोजतो तोच हर्ट्झ. त्याचा मूळ प्रश्न बेअरिंगचा नव्हताच. काचेची दोन भिंगे एकमेकांवर दाबली की न्यूटनची रंगीत वलये दिसतात. दाबामुळे भिंगांचा आकार बदलतो, त्याचा वलयांवर काय परिणाम होतो, हे त्याला पाहायचे होते. दोन भिंगांसाठी केलेले ते गणित आज जगातील प्रत्येक बेअरिंगच्या आराखड्यात वापरले जाते. आपल्या गोळीचा ठिपका एका चौरस मिलिमीटरहून पुष्कळ लहान भरतो. तेवढ्याशा जागेवर २८ किलो! म्हणूनच हे पोलाद अत्यंत कठीण केलेले असते. आणि कठीण पोलाद चेपत नाही असे नाही; मर्यादेपर्यंत चेपून परत पूर्ववत होते. मर्यादा ओलांडली की मात्र खळगा कायमचा.

हिशेब मांडला तर एवढ्याशा भाराखाली हे बेअरिंग कितीतरी लाख किलोमीटर चालायला हवे. मग ते त्याआधीच का जाते? कारण चाकातील फार थोडी बेअरिंगे म्हातारपणाने मरतात. बरीचशी पाण्याने मरतात: ओढ्यातून गाडी घातलेली, धुताना जोराचा फवारा नेमका हबवर मारलेला. ऑइल सील फाटले की चिखल आत शिरतो आणि ग्रीसचे उटणे होते. आणि उरलेली काही, बसवणाऱ्याच्या हातोडीने.

आता माझी गोष्ट सांगतो. साल २००८. वडिलांच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग वाजू लागले होते. एवढ्याशा कामाला मेकॅनिक कशाला, असे म्हणून मी अंगणात चाक काढले. जुनी बेअरिंगे ठोकून काढली. नवी बसवायला एक लोखंडी नळी शोधली. ती आतल्या कड्यावर अगदी बरोबर बसत होती, जणू त्यासाठीच केलेली. नळी आतल्या कड्यावर ठेवली आणि वरून हातोडी हाणली. बेअरिंग झकास आत गेले. चाक फिरवले तर लोण्यासारखे फिरले. मी खूष.

दोन आठवड्यांनी एक बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. मी ती टायरची समजलो. तीन महिनेही झाले नव्हते. वडील मागे बसले होते, आम्ही एका लग्नाहून परतत होतो. उताराच्या वळणावर हँडल असे थरथरू लागले की दोन्ही हातांनी आवरेना. वेग तिसाच्या आसपास होता, म्हणून गाडी कडेला घेता आली. साठ असता तर हा लेख कोणी लिहिला असता, कोण जाणे. पुढच्या चाकाला हात लावला तर ते सहज बोटभर डुलत होते. चार किलोमीटर गाडी ढकलत आणली. वडील प्राथमिक शिक्षक होते, फारसे बोलत नसत. घर आल्यावर एवढेच म्हणाले, "तू कॉलेजात पोरांना घर्षण शिकवतोस ना रे?"

ते बेअरिंग मी रॉकेलने धुतले, कडी वेगळी केली आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या भिंगाखाली धरले. खोबणीत खळगे होते. खोबणीच्या काठाकडे, वर्तुळावर सारख्या अंतराने मांडलेले. मोजले. जितक्या गोळ्या तितके खळगे. त्यांच्यापासून पुढे पापुद्रे सुटत गेलेले. ती झीज नव्हती. तो माझ्या हातोडीचा ठसा होता. प्रत्येक गोळीने आपल्या जागी सही करून ठेवली होती.

झाले होते काय? हबमध्ये घट्ट बसते ते बाहेरचे कडे. मी ठोकत होतो आतल्या कड्यावर. म्हणजे माझ्या हातोडीचे सगळे बल आतल्या कड्याकडून बाहेरच्या कड्याकडे जाणार कशातून? गोळ्यांतून! दुसरा रस्ताच नाही. ते बल किती, त्याचा अंदाज करा. हातोडी अर्ध्या किलोची, वेग सेकंदाला ४ मीटर. संवेग झाला २ न्यूटन-सेकंद. लोखंडावर लोखंड आपटते तेव्हा ती फार लवकर थांबते; समजा, सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात. संवेगातील बदल भागिले काळ: २ गुणिले ५,०००, म्हणजे १०,००० न्यूटन. एका टनाचा भार, आणि तोही आडवा, गोळ्या जिथे खोबणीच्या उथळ काठावर चढतात तिथे. असे दहा-पंधरा ठोके मी दिले होते.

तेव्हा नियम एवढाच: जे कडे घट्ट बसवायचे, जोर त्याच कड्यावर द्यायचा. कोणते कडे घट्ट असते, हेही पाठ करायची गरज नाही, विचार केला की कळते. मोटारसायकलच्या चाकात एक्सल स्थिर आणि हब फिरतो. भार नेहमी खाली. बाहेरच्या कड्याचा प्रत्येक भाग आळीपाळीने त्या भाराखाली येतो. ते सैल असेल तर हबमध्ये हळूहळू सरपटू लागते आणि ॲल्युमिनियमची बैठक खाऊन टाकते. म्हणून ते घट्ट. आतल्या कड्यावर भार सदैव एकाच जागी, ते एक्सलवर हाताने सरकले तरी चालते. विहिरीवरच्या पंपाच्या मोटरीत उलटे: तिथे दांडा फिरतो, म्हणून आतले कडे दांड्यावर घट्ट, आणि बसवताना जोर आतल्या कड्यावर.

आता कामाला लागू. बरोबर कोणीतरी मोठे माणूस हवेच, आणि डोळ्यांवर चष्मा. कठीण पोलादाचा कपचा उडाला तर तो डोळाच शोधतो.

गाडी भक्कम टेकू देऊन उभी करा. एक्सलचा नट सोडवा, एक्सल बाहेर ओढा, चाक उतरवा. कोणत्या बाजूला कोणती कडी, कोणते बुश, स्पीडोमीटरचा गिअर कसा बसला होता, हे सोडवताना त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडत जा. स्मृतीवर विश्वास ठेवू नका. ऑइल सील पेचकसाने उचकटून काढा. ते नवेच घालायचे असते, फार महाग नसते. काही गाड्यांत बेअरिंगपुढे सर्क्लिप असते. ती न काढता ठोकत बसलात तर हब फुटेल, बेअरिंग हलणार नाही.

चाक दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवे ठेवा, हबच्या भोवती आधार येईल असे. डिस्क ब्रेक असेल तर भार डिस्कवर मुळीच येऊ देऊ नका. ती वाकली की संपले. आता भोकातून आत पाहा. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी दिसेल. तिला स्पेसर म्हणतात. तिच्याबद्दल पुढे बोलायचे आहे. ती बोटाने थोडी बाजूला सरकवली की खालच्या बेअरिंगच्या आतल्या कड्याची कड उघडी पडते. वरून साध्या मऊ लोखंडाची किंवा पितळेची सळई त्या कडेवर टेकवा आणि ठोका. एक ठोका इकडे, एक समोरच्या बाजूला, पुन्हा इकडे. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर बेअरिंग तिरके होऊन अडकते.

तुमच्यातील चौकस वाचक म्हणेल, थांबा! आत्ताच म्हणालात आतल्या कड्यावर ठोकू नये, आणि आता तेच करायला सांगता? बरोबर आहे. बाहेरच्या कड्याला आतून सळई पोहोचतच नाही, म्हणून काढताना हा अन्याय करावा लागतो. त्याचा अर्थ असा की एकदा ठोकून काढलेले बेअरिंग परत घालायचे नाही, मग ते हातात घेतल्यावर कितीही चांगले फिरो. नुसते ग्रीस भरण्यासाठी बेअरिंगे ठोकून काढायची आणि तीच परत घालायची, ही पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. ती पूर्णपणे चुकीची आहे.

ठोकूनही हलत नसेल तर जोर वाढवू नका, उष्णता वाढवा. खेड्यातील लोहार गाडीच्या चाकावर धाव कशी चढवतो, तुमच्या आजोबांना विचारा. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. शेणींच्या जाळात ती लाल करतात, मग ती मोठी होऊन लाकडी चाकावर सहज उतरते. लगेच पाणी ओतले की आक्रसते आणि सगळे सांधे करकचून आवळते. आपण तेच करायचे, फक्त जाळाशिवाय. हबभोवती जाड फडके गुंडाळा आणि त्यावर मोठ्या माणसाकडून उकळते पाणी हळूहळू ओतून घ्या. बर्नर किंवा स्टोव्ह नको. टायर, रंग आणि हात, तिन्ही भाजतात.

इथे वर्गात दरवर्षी एक शंका येते: धातू तापल्यावर सगळीकडे फुगतो, मग भोक लहान नाही का होणार? नाही. भोकाच्या जागी त्याच धातूची चकती होती अशी कल्पना करा. ती चकती तापून जेवढी मोठी झाली असती तेवढेच भोकही मोठे होते. ॲल्युमिनियम एका अंशाला लांबीच्या दशलक्षांश २३ भागांनी वाढते, पोलाद सुमारे १२. दोन्ही एकत्र तापली तरी ॲल्युमिनियमचे भोक पोलादाच्या कड्यापेक्षा अधिक वाढते आणि पकड ढिली होते.

बसवताना तर याचा पुरा फायदा घेता येतो, कारण तेव्हा एक गरम आणि एक थंड ठेवता येते. नवी बेअरिंगे वेष्टनासकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आदल्या रात्री फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा, घरातल्यांना विचारून. हब उकळत्या पाण्याने ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत नेला तर ३७ मिलिमीटरचे भोक वाढेल: ३७ × ०.००००२३ × ५०, म्हणजे ०.०४३ मिलिमीटर. बेअरिंग ३० वरून उणे १८ पर्यंत गेले तर आक्रसेल: ३७ × ०.००००१२ × ४८, म्हणजे ०.०२१. एकूण ०.०६४ मिलिमीटर. डोक्याच्या केसाएवढी फट! पण हबमध्ये कडे आवळले जाते ते शतांश मिलिमीटरच्या दोन-तीन पटींनी. म्हणजे या केसभर फटीत सगळा घट्टपणा विरघळतो. गेल्या मे महिन्यात मी आणि नववीतल्या माझ्या पुतण्याने हे केले. हब झटपट पुसला, फ्रिजमधले बेअरिंग सरळ धरून सोडले, आणि ते 'टप्' असे आपल्या जागी जाऊन बसले. हातोडीला हातच लावावा लागला नाही. पुतण्या म्हणाला, "काका, परत एकदा!" पण परत एकदा करता येत नाही. काही सेकंदांत दोघांचे तापमान जुळते आणि बेअरिंग हलता हलत नाही.

अर्ध्यावर अडकले तर? गोटीपान्याची अशी गोटी शोधा, जिचा बाहेरचा व्यास ३७ पेक्षा किंचितच कमी आहे, म्हणजे ती फक्त बाहेरच्या कड्यावर टेकेल. तिच्यावर हलके ठोका. आवाजाकडे लक्ष द्या: तळाला टेकले की बद्द आवाज जाऊन खणखणीत येतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे १० मिलिमीटरची आटे पाडलेली सळई, दोन नट आणि जाड चकत्या. हबच्या दुसऱ्या टोकाला रुंद पट्टी, या टोकाला गोटी, आणि नट पिळत जायचा. नटाच्या एका फेऱ्याला १.५ मिलिमीटर, म्हणजे १२ मिलिमीटर रुंदीचे बेअरिंग आठ फेऱ्यांत आत. धक्का नाही, आवाज नाही, तिरकेपणा नाही. माझ्या अंगणात २००८ साली हे सगळे सामान होते, डोके नव्हते.

एक बेअरिंग तळापर्यंत बसवा. पहिले कोणत्या बाजूचे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मग चाक उलटे करा, आणि दुसरे बसवण्यापूर्वी ती मधली नळी, तो स्पेसर, आत टाका. हे विसरणारे पुष्कळ आहेत. ती नळी करते काय? एक्सलचा नट आवळला की तो दोन्ही आतली कडी एकमेकांकडे दाबतो. मध्ये नळी असेल तर सगळा दाब कड्याकडून नळीला, नळीकडून दुसऱ्या कड्याला जातो. गोळ्यांना त्याची वार्ताही लागत नाही. नळी नसेल तर आतली कडी आत ओढली जातात, बाहेरची मात्र हबमध्ये अडकलेली, आणि मधल्या गोळ्या बाजूने चिरडल्या जातात. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट. दुसरे बेअरिंग नळीला जेमतेम टेकेपर्यंतच आत न्या. नंतर एक्सल हाताने घालून पाहा. तो अडखळता कामा नये.

नवी ऑइल सीले बसवा, त्यांच्या ओठाला ग्रीसचे बोट फिरवा. ड्रम ब्रेकच्या आतल्या पृष्ठभागावर ग्रीसचा डाग राहिला नाही ना, हे दोनदा पाहा आणि कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा. इथले ग्रीस आणि ब्रेक यांचे वैर आहे. मग कागदावर मांडलेल्या क्रमाने सगळे परत चढवा.

नट पूर्ण आवळण्यापूर्वी चाक हाताने जोरात फिरवा आणि ते किती फेऱ्यांनी थांबते ते मोजा. आता पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने नट आवळा; त्यासाठी टॉर्क पाना शेजारच्या गॅरेजमध्ये तासाभरासाठी मागून आणता येतो. पुन्हा तितक्याच जोराने फिरवा. फेरे जवळजवळ तितकेच यायला हवेत. नट आवळल्यावर चाक जड झाले तर स्पेसर राहिला आहे, आखूड आहे किंवा बेअरिंग तळाला पोहोचलेले नाही. चाक पुन्हा उतरवा. त्या संध्याकाळी कंटाळा आला तरी उतरवा. आमचे आवळण्यापूर्वी अकरा फेरे आले होते, आवळल्यावर साडेदहा.

पहिली फेरी परवाना असलेल्या मोठ्या माणसाने, सावकाश, घराच्या आसपासच मारायची, आणि निघण्यापूर्वी ब्रेक दाबून पाहायचा. पन्नासेक किलोमीटर झाले की हबला हात लावा (डिस्कला नव्हे, ती तापलेली असते), आणि लेखाच्या आरंभीची ती 'टक् टक्' परीक्षा पुन्हा करा. जुनी बेअरिंगे भंगारात देण्यापूर्वी एक मात्र ठेवून घ्या. रॉकेलने धुऊन उन्हात वाळवा, बोटावर फिरवा, आणि गोळ्यांच्या फटीतून भिंगाने खोबण पाहा. खळगे दिसले तर त्यांच्यातील अंतर मोजा. ती सारखी आली, तर तुमच्या आधी ते बेअरिंग कोणी बसवले आणि कसे, हे तुम्हाला कळलेच.